शुक्र बघायचाय? मग अंधार पडायची वाट बघू नका

नवीन टेलिस्कोप घेतलेल्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. "अरे तो पश्चिमेला एवढा झगझगीत दिसतो ना, शुक्र, त्याच्यावर लावला काल. काहीच दिसलं नाही. नुसता पांढरा गोळा थरथरतोय आणि कडेने लाल-निळं काहीतरी. मला वाटतं पीस डिफेक्टिव्ह आलाय." मी विचारतो किती वाजता लावला, तर उत्तर येतं साडेआठ, नऊ, चांगला अंधार पडल्यावर. झालं, मग इथेच घोळ आहे. पीस ठीक आहे, वेळ बदला.

आकाश बघायच्या छंदात पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात की अंधार हवा, शहराबाहेर जा, मोबाईलची स्क्रीन लाल करा, डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ दे. दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी हे सगळं शंभर टक्के खरं आहे. शुक्राच्या बाबतीत मात्र बरोब्बर उलटं करायचं असतं आणि हे कुणी सांगतच नाही, त्यामुळे आकाशातला सगळ्यात ठळक ग्रह लोक एकदा बघतात, वैतागतात आणि कायमचे शनीकडे वळतात. शनीला कडं आहे, गुरूला पट्टे आणि चार चंद्र आहेत, शुक्राला काय आहे? तर शुक्राला कला आहेत, आणि त्या अशा वेगाने बदलतात की मला विचाराल तर छोट्या टेलिस्कोपवाल्याला यापेक्षा जास्त काही घडताना दाखवणारा ग्रह दुसरा नाही. फक्त त्याच्याकडे कधी बघायचं हे कळलं पाहिजे.

आधी तो इतका डोळ्यात का घुसतो ते बघू. शुक्रावर सल्फ्युरिक ॲसिडचे जाडजूड ढग आहेत, सगळीकडून, कुठेही फट नाही. सूर्याचा जेवढा प्रकाश पडतो त्यातला साधारण तीन चतुर्थांश ते परत फेकतात. आपला चंद्र आपल्याला पांढराशुभ्र वाटतो पण तो जेमतेम १२ टक्के परत फेकतो, म्हणजे खरं तर तो काळपट दगड आहे. वर शुक्र सूर्याच्या आपल्यापेक्षा जवळ, त्यामुळे त्याच्यावर ऊन आपल्या जवळजवळ दुप्पट पडतं. दोन्हीचा हिशोब केला तर शुक्राचा एवढासा तुकडा चंद्राच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा दहापटीहून जास्त तेजस्वी भरतो. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका जास्त उणे तितकं जास्त तेज) उणे ४.९ पर्यंत जाते, गुरू फार तर उणे २.९, आणि व्याध, जो रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, तो उणे १.५ च्या आसपास. म्हणजे पूर्ण तेजात असताना शुक्र व्याधाच्या वीसपटीहून जास्त. आता असला प्रकाश तुम्ही काळ्याकुट्ट आकाशात, बुबुळं मोठी झालेल्या डोळ्यांनी, आरसा किंवा भिंग लावून गोळा करून बघताय, तर आकार कसा दिसणार? चकाकीच दिसणार. स्वस्तातल्या भिंगाच्या टेलिस्कोपमध्ये जांभळी झाक येते, आरशाच्या टेलिस्कोपमध्ये आतल्या दांड्यांमुळे चार बाजूंना किरण फुटतात, आणि त्या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी बिचारी कोर लपलेली असते.

त्यात दुसरी भानगड म्हणजे अंधार पडेपर्यंत शुक्र खाली आलेला असतो. तो सूर्यापासून कधीच ४७-४८ अंशांच्या पलीकडे जात नाही, म्हणून सूर्य बुडाल्यावर तोही काही वेळाने मागोमाग जातोच. ३० अंश उंचीवर तुम्ही डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवेतून बघत असता, १० अंशांवर ती साडेपाचपट वगैरे होते. ती हवा प्रकाश वाकवते आणि निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वाकतो, म्हणून एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर. ते रंग शुक्राचे नाहीतच, आपल्याच हवेचे आहेत. नुसत्या डोळ्यांनी सुद्धा क्षितिजाजवळचा शुक्र लाल-हिरवा लुकलुकताना दिसतो आणि मग कुणीतरी व्हिडिओ काढून टाकतं की आमच्याकडे यूएफओ आलं, ड्रोन आलं. मला असे व्हिडिओ येतात, मी बिल्डिंगच्या वरची दिशा आणि वेळ विचारतो आणि "शुक्र आहे" असं लिहितो, त्यावर बहुतेक वेळा कुणी विश्वास ठेवत नाही, ठीक आहे.

तर उपाय सोपा आहे. सूर्यास्ताच्या थोडं आधी टेलिस्कोप गच्चीवर नेऊन ठेवायचा म्हणजे नळी बाहेरच्या हवेइतकी गार होते, सूर्य पूर्ण मावळला की (हे पूर्ण म्हणजे पूर्ण, त्यावर पुढे येतो) लगेच शोधायला लागायचं. आकाश अजून निळं असतं, शुक्र एक बारीक पांढरा ठिपका असतो, कधी लगेच सापडतो, कधी पाच मिनिटं मान मोडेपर्यंत बघावं लागतं. सापडला की कमी पॉवरच्या आयपीसने (डोळा लावायचं भिंग) मध्ये आणायचा, मग शंभर-सव्वाशेपट. आणि तेव्हा जे दिसतं ते रात्रीच्या त्या थरथरत्या गोळ्याशी काहीही संबंध नसलेलं असतं. निळ्या पार्श्वभूमीवर स्वच्छ कापलेली पांढरी आकृती, कडा धारदार, कुठेही चकाकी नाही. माझ्या भाचीने पहिल्यांदा असा बघितला तेव्हा ती म्हणाली मामा हा चंद्र आहे, तू चुकीकडे लावलायस, आणि तिला चंद्र आकाशात दुसरीकडे दाखवावा लागला. बरेच लोक सांगतात मून फिल्टर घे, पोलरायझर घे, घेऊन ठेवा हवं तर, पण निळं आकाश फुकटात तेच काम जास्त चांगलं करतं.

आता कलांकडे येऊ कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती समजायला भूमिती थोडी डोक्यात घ्यावी लागते. शुक्र आपल्या आतल्या कक्षेत फिरतो. तो सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा (बहिर्युती) आपल्यापासून जवळपास २६ कोटी किलोमीटर लांब असतो, पूर्ण उजळलेला पण छोटासा, जेमतेम १० आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद). तो आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो तेव्हा (अंतर्युती) अंतर फक्त ४ कोटींच्या आसपास उरतं आणि आकार ६० आर्कसेकंदांपर्यंत जातो, सहापट, पण तेव्हा उजळलेली बाजू सूर्याकडे म्हणजे आपल्यापासून पलीकडे. म्हणून गंमत अशी होते की जितका मोठा तितकी कोर बारीक. चंद्राला कला आहेत पण त्याचा आकार तेवढाच राहतो, इथे कला आणि आकार दोन्ही बदलतात. आणि सगळ्यात तेजस्वी कधी दिसतो, तर पूर्ण गोल असताना नाही, अर्धा असतानाही नाही, तर साधारण पाव भागच उजळलेला असताना, अंतर्युतीच्या पाचेक आठवडे आधी किंवा नंतर. पाव असला तरी जवळ आल्यामुळे तो पाव भाग एकूण जास्त मोठा दिसतो. हे लोकांना सांगितलं की पटत नाही, टेलिस्कोपमधून दाखवलं की पटतं.

वेळेचा हिशोब पण एकसारखा नाहीये आणि इथेच नवीन माणूस कंटाळून सोडून देतो. बहिर्युतीनंतर शुक्र संध्याकाळी दिसायला लागतो, आणि सूर्यापासून जास्तीत जास्त लांब जायला, म्हणजे ज्याला इलाँगेशन म्हणतात तिथे पोचायला त्याला सात महिन्यांहून जास्त लागतात. या सात महिन्यांत बदल होतो पण संथ, छोटा गोल, मग थोडा चेपलेला गोल, मग अर्धा. आठवड्या-आठवड्याने बघितलं तर काही बदललंय असं वाटतच नाही. आणि मग अर्ध्यापासून अंतर्युतीपर्यंतचा सगळा खेळ फक्त दहा आठवड्यांत उरकतो! अर्धा, मग कोर, मग मोठी कोर, मग नखाएवढी लांब बारीक कोर, शेवटच्या दिवसांत तर कालची आणि आजची कोर वेगळी दिसते. नंतर तो दोन-चार दिवस ते आठवडाभर गायब होतो आणि पहाटे पूर्वेला उगवतो, तोच खेळ उलट्या क्रमाने. त्यामुळे माझा सल्ला असा की पहिल्या सात महिन्यांत महिन्यातून एकदा बघितलं तरी चालेल पण शेवटच्या दहा आठवड्यांत ढग नसतील त्या प्रत्येक संध्याकाळी वर जा.

गॅलिलिओने १६१० च्या शेवटी हेच बघितलं आणि त्याला लगेच कळलं की आपल्या हातात काय लागलंय. पण खात्री व्हायला अजून आठवडे लागणार, तोपर्यंत दुसऱ्या कुणी जाहीर केलं तर? मग त्याने काय केलं तर डिसेंबरमध्ये प्रागला एक लॅटिन वाक्य पाठवलं, ज्याचा अर्थ धड लागत नव्हता, कारण ती अक्षरांची अदलाबदल होती. तिथल्या केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने डोकं खाजवलं पण त्याला ते सुटलं नाही. नंतर गॅलिलिओने स्वतःच अक्षरं नीट लावून दिली: प्रेमाची माता चंद्राच्या आकारांची नक्कल करते. प्रेमाची माता म्हणजे व्हीनस, आपला शुक्र. पेटंटसारखाच प्रकार हा, तारीख आपल्या नावावर करून ठेवायची. मुद्दा मोठा होता, कारण पृथ्वी मध्यभागी असलेल्या टॉलेमीच्या जुन्या रचनेत शुक्र कायम आपल्या आणि सूर्याच्या मध्येच असायला हवा, म्हणजे त्याची कोर दिसेल पण जवळजवळ पूर्ण उजळलेला शुक्र कधीच दिसणार नाही. तो दिसला, टॉलेमी संपला. (यामुळे पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं असं बऱ्याच ठिकाणी लिहितात, ते तितकंसं बरोबर नाही, कारण टायको ब्राहेच्या रचनेत पृथ्वी स्थिर ठेवून बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरत होते आणि त्यातही शुक्राच्या कला अशाच दिसल्या असत्या. असो.) आज खेळण्यातल्या म्हणाव्या अशा टेलिस्कोपची भिंगं सुद्धा त्याच्यापेक्षा चांगली असतात.

टेलिस्कोप नसेल तरी चालतं. साधा १०×५० चा बायनॉक्युलर घ्या, अंतर्युतीच्या तीन-चार आठवडे आधीपासून कोर स्पष्ट दिसते. पण हातात धरून नाही दिसणार, हात थरथरतात, भिंतीवर टेकवा, खुर्चीच्या पाठीवर टेकवा, ट्रायपॉड असेल तर प्रश्नच मिटला. आणि इथेही तेच, आकाश निळं असताना, काळोखात बायनॉक्युलरने फक्त किरण फुटलेला दिवा दिसतो. नुसत्या डोळ्यांनी कोर दिसते असा दावा करणारे लोक आहेत. माणसाच्या डोळ्याची मर्यादा साधारण ६० आर्कसेकंद, आणि शुक्र अगदी जवळ असताना तेवढाच, म्हणजे काठावरची गोष्ट आहे, एखाद्या फार तीक्ष्ण नजरेच्या माणसाला जमत असेल, मला चष्मा लावून सुद्धा जमत नाही.

आता दिवसाचा शुक्र. हो, दिवसा, ऊन असताना, नुसत्या डोळ्यांनी. पहिल्यांदा जेव्हा सापडतो तेव्हा इतका ठळक दिसतो की इतका वेळ आपण काय आंधळे होतो का असं वाटतं, आणि पापणी मिटून परत बघितलं की गेला! याचं कारण डोळ्याला निळ्या कोऱ्या आकाशात फोकस करायला काही नसतं, तो आपोआप जवळ कुठेतरी फोकस करून बसतो. म्हणून आधी लांबच्या ढगाकडे, विमानाकडे, किंवा असेल तर चंद्राकडे बघून घ्यायचं आणि मग तिथून नजर सरकवायची. चंद्र हा सगळ्यात भारी खुणेचा खांब. महिन्यातून एकदा चंद्राची कोर शुक्राच्या जवळून जाते, त्या दिवशी दुपारी चंद्र शोधा (तो सोपा आहे), अ‍ॅपमध्ये बघून घ्या शुक्र त्याच्या कुठल्या बाजूला किती अंतरावर आहे, हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, त्याने मोजा, सापडतो. कधीतरी चंद्र शुक्राला चक्क झाकतो, त्याला पिधान म्हणतात, आणि ते दिवसा झालं तरी टेलिस्कोपमधून छान दिसतं. दुसरा मार्ग म्हणजे पहाटेचा शुक्र धरायचा आणि सोडायचाच नाही, दर थोड्या वेळाने एखाद्या तारेच्या किंवा गॅलरीच्या कोपऱ्याच्या संदर्भाने तो कुठे सरकला ते बघत राहायचं. सूर्य उगवतो, ऊन येतं, आणि तो तिथेच असतो. ४ मार्च १८६५ ला लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीच्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये लोकांनी भर दुपारी शुक्र बघितल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा शुक्र संध्याकाळचा होता आणि जवळजवळ पूर्ण तेजात. म्हणजे लोकांनी ठरवून नाही, गर्दीत उभं राहून वर बघता बघता पाहिला.

पण इथे एक गोष्ट अजिबात हसण्यावारी नेऊ नका. सूर्य आकाशात असताना बायनॉक्युलर किंवा टेलिस्कोप इकडेतिकडे फिरवून शुक्र शोधायचा नाही. एक क्षण सूर्य नजरेत आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे जळताना कळतही नाही. सूर्य एखाद्या इमारतीच्या कडेआड जाईल अशा सावलीत उभं राहा. त्यातही एक बारकावा आहे जो मला कुठे लिहिलेला फारसा दिसला नाही: संध्याकाळचा शुक्र दुपारी शोधताना सूर्य पश्चिमेकडच्या इमारतीआड असतो आणि तो अजून खालीच जाणार असतो, म्हणजे तुमची सावली वाढत जाते, धोका कमी होत जातो. पहाटेच्या शुक्राचं उलटं. सूर्य पूर्वेच्या इमारतीमागून वर येत असतो आणि तुम्ही आयपीसला डोळा लावून बसलेले असताना तो कडेवरून डोकावू शकतो. म्हणून पहाटेच्या शुक्रासाठी नुसते डोळे पुरे, भिंगं सूर्योदयाच्या आधी आवरून ठेवायची, निदान मी तरी तसंच करतो. लहान मुलं बरोबर असतील तर दिवसाचा टेलिस्कोप हा विषयच नको. आणि शुक्र सूर्यापासून दहा-पंधरा अंशांच्या आत आला की हौशी माणसाने दिवसा त्याचा नाद सोडावा, अंतर्युतीच्या वेळी तर दोनच आठवडे थांबायचं असतं.

आता प्रश्न येतो की कलांशिवाय दुसरं काही दिसतं का, ढगांवर काही डाग, पट्टे? साध्या प्रकाशात जवळपास काही नाही. ज्यांना दिसलं त्यांच्या गोष्टी मजेशीर आहेत. पर्सिव्हल लॉवेल, मंगळावर कालवे आहेत म्हणणारा तोच, त्याने १८९६ साली शुक्रावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा बघितल्या, नकाशे काढले, नावं दिली. बाहेरच्या जवळजवळ कुणालाच त्या दिसेनात. त्याच्याकडे २४ इंचांचा मोठा टेलिस्कोप होता आणि शुक्राची चकाकी कमी करायला तो पुढचं तोंड झाकून तीनेक इंचांएवढंच उघडं ठेवायचा. त्यामुळे आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत इतका बारीक झाला की, असं आता बरेच जण मानतात, त्याला स्वतःच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली दिसत होती. म्हणजे माणूस शुक्राचा म्हणून आपल्या डोळ्याचा नकाशा काढत बसला. लॉवेल हुशार नव्हता असं नाही, प्लूटोच्या शोधामागे त्यानेच सुरू केलेला ध्यास होता. फक्त शुक्राच्या चकाकीशी भांडायला त्याने भोक फारच लहान केलं.

याच्या उलट एक गोष्ट आहे जी हौशी लोकांनी फ्रेम करून लावावी अशी. शार्ल बॉये नावाचा एक फ्रेंच हौशी निरीक्षक, १९५० च्या दशकाच्या शेवटी काँगोमधल्या ब्राझाव्हिलला होता. त्याने अतिनील प्रकाशाच्या फिल्टरने शुक्राचे फोटो काढले. अतिनील प्रकाशात ढगांमध्ये गडद आकार दिसतात, आणि त्याला दिसलं की तेच आकार चार दिवसांनी परत येतायत. म्हणजे वरचे ढग चार दिवसांत शुक्राला प्रदक्षिणा घालतायत. आणि खालचा ग्रह स्वतःभोवती एका फेरीला २४३ दिवस घेतो, तोही बहुतेक ग्रहांच्या उलट्या दिशेने! त्यामुळे इतके वेगवान ढग कुणाच्या पचनी पडेनात. १९७४ ला मरिनर १० यान शुक्राजवळून गेलं आणि त्याने काढलेल्या अतिनील फोटोंमध्ये चार दिवसांचं फिरणं स्पष्ट दिसलं. आज ज्यांच्याकडे बऱ्यापैकी टेलिस्कोप, ग्रहांचा कॅमेरा आणि अतिनील फिल्टर आहे ते घराच्या गच्चीवरून हेच करतात. मी करत नाही, तेवढी हौस आणि खिसा दोन्ही नाही.

पण पेन्सिल आणि कागद सगळ्यांकडे असतो आणि त्याने एक खरंखुरं काम करता येतं. गणिताने एक तारीख निघते जेव्हा शुक्र बरोबर अर्धा दिसायला हवा. प्रत्यक्षात डोळ्याला तो संध्याकाळच्या फेरीत त्या तारखेच्या चार-सहा दिवस आधीच अर्धा दिसतो, आणि पहाटेच्या फेरीत तितकाच उशिरा. योहान श्रोटर याने १७९३ मध्ये हे टिपलं म्हणून श्रोटर परिणाम. उजेड-अंधाराच्या सीमेजवळ ढगांवर ऊन तिरकं पडतं, तो भाग मंद होत जातो, आणि डोळा तो मंद भाग धरतच नाही, म्हणून कला असायला हवी त्यापेक्षा कमी भासते. आणि इथे परत पहिला मुद्दा येतो की तुम्ही निळ्या आकाशात बघताय की काळ्या, यानेही तो फरक बदलतो, म्हणून चित्राखाली वेळ लिहायचीच. मी वहीत एक गोल काढून ठेवतो, त्यात सीमारेषा सरळ वाटते की अजून बाहेर फुगलेली ते काढतो, अ‍ॅपमध्ये टक्के आधी बघत नाही. आधी बघितलं की डोळा तेच बघतो.

कोरीची काळी बाजू अंधुक राखाडी चमकते असं काही लोकांना दिसतं, ॲशेन लाइट म्हणतात त्याला, रिचोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १६४३ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. चंद्राच्या कोरीत आतला भाग दिसतो तसंच, पण शुक्राला प्रकाश द्यायला शेजारी पृथ्वी नाही, मग तो येतो कुठून? यावर पावणेचारशे वर्षं वाद चालू आहे आणि बरेच जण हा डोळ्याचा भ्रम मानतात. मला कधी दिसला नाही आणि खरं सांगायचं तर दिसला असता तरी लॉवेलचं आठवून मी दहा वेळा विचार केला असता. वेगळी गोष्ट म्हणजे शुक्राचा पृष्ठभाग साधारण ४६५ अंश सेल्सिअसला तापलेला आहे आणि त्याची उष्णतेची चमक अवरक्त प्रकाशात रात्रीच्या बाजूने ढगांमधून बाहेर येते, ती मात्र हौशी लोकांनी कॅमेऱ्यात पकडली आहे, तिथे भ्रमाचा प्रश्न नाही.

अंधारात शुक्राचा एकच उपयोग, सावली. शुक्र पूर्ण तेजात असेल, चंद्र नसेल, आणि आसपास खरोखर एकही दिवा नसेल तर शुक्राच्या प्रकाशाने सावली पडते. पांढरा कागद धरा, समोर हात हलवा. स्थिर हाताची सावली लक्षात येत नाही, हलणारी येते. आणि ती सावली कडेला धारदार असते, कारण शुक्र जवळजवळ बिंदूच, सूर्य-चंद्रासारखा रुंद नाही. शहरात हे विसरा.

ढगांबद्दल कुरकुर करणाऱ्यांसाठी ल जांतीलची गोष्ट. १७६१ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका जाणं, ते बघायला हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पाँडिचेरीला निघाला. पोचायच्या आधी पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली, आणि अधिक्रमणाच्या दिवशी तो भर समुद्रात हलत्या जहाजावर होता, मोजमाप काय करणार. पुढचं अधिक्रमण आठ वर्षांनी, म्हणून तो इकडेच राहिला. १७६९ ला पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला, आदले सगळे दिवस स्वच्छ, आणि नेमक्या त्या सकाळी ढग. आम्हाला २००४ आणि २०१२ अशी दोन मिळाली, पुढचं डिसेंबर २११७ मध्ये, म्हणजे आपल्यापैकी कुणाच्या नशिबात नाही, त्यामुळे तो विषय बंद.

आठ वर्षांचा हा आकडा मात्र फार कामाचा आहे. शुक्राला आपल्या संदर्भात परत त्याच जागी यायला सरासरी ५८४ दिवस लागतात, आणि असे पाच फेरे म्हणजे आपली आठ वर्षं, दोन-अडीच दिवसांच्या फरकाने. म्हणून शुक्र फक्त पाच प्रकारच्या फेऱ्या करतो आणि त्याच परत परत येतात. २५ मार्च २०१७ ला अंतर्युती होती, नंतर २३ मार्च २०२५ ला. मार्चवाली फेरी उत्तर गोलार्धातल्या लोकांसाठी सगळ्यात चांगली, संध्याकाळी शुक्र खूप वर असतो, आणि अंतर्युतीच्या वेळी तो सूर्याच्या आठेक अंश उत्तरेकडून जातो. ऑक्टोबरवाली फेरी उत्तरेत जरा कंजूष, शुक्र क्षितिजाला धरून चालतो, आणि त्यामुळे सूर्यास्तालाच बघायची सवय तिथे सगळ्यात जास्त कामी येते, अंधाराची वाट बघणाऱ्याला तो मिळतच नाही. ती २६ ऑक्टोबर २०१८ ला होती, म्हणून पुढची २४ ऑक्टोबर २०२६. त्याच्या आधीचं इलाँगेशन १५ ऑगस्ट २०२६ ला, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अर्धा शुक्र दिसतो का बघा, तारखेच्या आधी दिसतो की तारखेला, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात तो पूर्ण तेजात. माझ्या वहीत २०१८ ची चित्रं आहेत, वेळेसकट. कुणाकडे तेव्हाची चित्रं किंवा फोटो असतील तर दोन दिवस मागे धरून शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि अर्धा शुक्र तुम्हाला दोन्ही वेळेला इलाँगेशनच्या किती दिवस आधी दिसला ते मला कमेंटमध्ये नक्की सांगा, आकाश निळं होतं की काळं तेही लिहा.